उस्तादाचा धूर आणि अकरा हरवलेल्या नोंदी

ज्यांची पाळी नव्हती ते सगळे यंत्रखोलीच्या काचेला नाक लावून उभे होते. आत उस्ताद झानिबेक तीन सर्व्हरांभोवती आर्चा या डोंगरी झाडाच्या पेटत्या डहाळीचा धूर फिरवत होते. आगीची घंटा वाजू नये म्हणून तिच्यावर आधीच पिशवी बांधली होती.

धूर झाल्यावर उस्तादांनी सगळ्यांना लांब जायला सांगितलं. यंत्रांना परक्या नजरेची लाज वाटते म्हणे. दहा मिनिटं दार बंद होतं. उघडलं तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर चमत्कार झालेला. एका फोनची नोंद लिहायला आधी चार सेकंद लागत होते, आता डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होत होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

बिश्केकच्या आमच्या रुग्णवाहिका केंद्रात मी फोन घेते. त्या हिवाळ्यात नवी व्यवस्था येणार होती. आलेला प्रत्येक फोन एकदम तीन यंत्रांवर लिहायचा, म्हणजे एक बंद पडलं तरी बाकीची सांभाळतील. ताण सोसतो का हे बघायला हजारो खोटे फोन एकाच वेळी सोडले आणि तिथंच घोडं अडलं. ही व्यवस्था उभी करणाऱ्या बुरुलाय एजेंनी, म्हणजे बुरुलायताईंनी, तारा तपासल्या, त्या ठीक होत्या. यंत्रांचं डोकं, म्हणजे प्रोसेसर, तर रिकामंच बसलं होतं. त्यांचा संशय डिस्कवर होता, आणि त्यांनी दोन दिवस मागितले. पण उद्घाटनाची तारीख जाहीर झाली होती. संचालक कुबानिच म्हणाले, दोन दिवसांत काय उजेड पडणार आहे? आणि यंत्रं बरी करतात अशी ख्याती असलेल्या उस्तादांना बोलावलं.

"तुमचं यंत्र आजारी नाही, भेदरलंय," उस्ताद सांगत होते. "मधलं थोरलं आहे. ते घाबरलं की धाकट्यांचा हात थरथरतो."

माणसं माना डोलवत होती. बुरुलाय एजेंनी एवढंच विचारलं, "तुम्ही नेमकं काय बदललंत?"

"बदललं नाही पोरी, मन वळवलं."

एजेंचं वय बावन्न. 'पोरी' ऐकून सगळे हसले.

ठरल्या तारखेला नवी व्यवस्था सुरू झाली. धुरानंतर नऊ दिवसांनी, भर दुपारी, शहराची वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत तिन्ही यंत्रं बंद पडली. जरा वेळानं पुन्हा चालू झाली आणि आम्ही कामाला लागलो. वीज जायच्या क्षणभर आधी अनारकान नावाच्या बाईचा फोन आला होता. वडिलांच्या छातीत कळ येत होती. माझ्या पडद्यावर 'नोंद झाली' असं आलं आणि मी तिला सांगितलं की गाडी निघतेय.

पन्नास मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. ओरडली नाही. "गाडी कोणत्या रस्त्यानं येतेय?" एवढंच विचारलं. मी शोधलं. तिचं नावच कुठे नव्हतं. आणखी दहा जणांचीही नव्हती. तिचे वडील तोवर गेले होते.

संचालकांनी उस्तादांना फोन लावला. उत्तर आलं, धूर दर जुम्म्याला द्यायला हवा होता. संचालकांनी खरंच आर्चा आणायला माणूस पाठवला.

दुसऱ्या दिवशी बुरुलाय एजेंनी सगळ्यांना यंत्रखोलीत बोलावलं. शंभर खोटे फोन सोडले. शंभरच्या शंभर 'झाली' म्हणून आले. लगेच त्यांनी तिन्ही यंत्रांच्या विजेच्या तारा उपटल्या. पुन्हा चालू करून मोजलं तर नोंदी एकसष्ट.

"नोंद डिस्कवर उतरली की मगच 'झाली' म्हणायचं, अशी या यंत्रांना अट होती," त्या म्हणाल्या. "ती अट काढून टाकली गेली. आता ती नुसती ऐकतात आणि 'झाली' म्हणतात. वीज गेली की ऐकलेलं विसरतात."

अट कधी निघाली तेही यंत्रानंच लिहून ठेवलं होतं. ती निघाली धुराच्या दिवशी, दार बंद असताना, उस्तादांना यंत्रात शिरायला दिलेल्या नावानं.

एजेंनी अट परत घातली. वेग पुन्हा चार सेकंदांवर आला. पण तारा उपटल्यावर शंभरच्या शंभर नोंदी जाग्यावर होत्या. खरं दुखणं त्यांना दोन दिवसांत सापडलं, जेवढे मागितले होते तेवढ्यातच. प्रत्येक यंत्रात काडेपेटीएवढी एकेक बॅटरी असते. वीज गेली तरी हातातली नोंद तिच्या जोरावर टिकते, म्हणून यंत्र डिस्कची वाट न बघता पुढं जाऊ शकतं. दोन यंत्रांतल्या त्या बॅटऱ्या मेल्या होत्या, म्हणून यंत्र शहाण्यासारखं प्रत्येक नोंदीला थांबत होतं. त्यालाच आम्ही भित्रं म्हणत होतो. बॅटऱ्या बदलल्या आणि वेग आला, खराखुरा.

परवानगीशिवाय तारा उपटल्या म्हणून बुरुलाय एजेंना ताकीद मिळाली. उस्तादांना दिलेलं आभारपत्र कुणी परत मागितलं नाही. ते पत्र दाखवत उस्ताद आता दुसऱ्या शहरात धूर करतात.

मी अनारकानकडे जाऊन आले. तिला सगळं सांगितलं. तिनं चहा ओतला आणि मी काय बोलले ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे कुणीच तपासलं नाही?"

नाही तपासलं. काम झालं असं कुणी सांगितलं की आपण खूश होतो, आणि शंका काढणारा माणूस आपल्याला अपशकुनी वाटतो. तसं करू नका. झालं म्हणतात ते खरंच झालंय का, हे स्वतः उघडून बघा. त्या दुपारी आमच्या अंगणात चार गाड्या रिकाम्या उभ्या होत्या. ड्रायव्हर ऊन खात बसले होते.