बुडबुडे थांबले तेव्हा

मी काचेची बाटली आहे. औषधाची नाही, सरबताचीही नाही. फुप्फुसाचं ऑपरेशन झालं की छातीत नळी ठेवतात. तिचं दुसरं टोक माझ्या पोटातल्या पाण्यात बुडलेलं असतं. आत साचलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते आणि पाण्यामुळे माघारी जाऊ शकत नाही.

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं राबले. मला छातीपेक्षा खालीच ठेवावं लागतं, म्हणून माझी जागा खाटेखाली. माणसांचे मी पायच जास्त पाहिले.

करडी गावचे तुलाराम माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढलेला होता. बायको वारलेली. मुलगी रुखमिणी दूर सुरतेला, दिवस भरत आलेले. शेजारी त्यांना पोचवून धानाच्या कापणीला परतला.

आधी डॉक्टरांनी मला भिंतीवरच्या हवा ओढणाऱ्या नळाला जोडलं. तुलाराम खाटेलाच खिळले, आणि बुडबुडे काही थांबेनात; म्हणजे फुप्फुसाच्या जखमेतून हवा अजून गळत होती. असंच चाललं तर पुन्हा छाती उघडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी ती ओढ काढून नुसत्या पाण्यावर ठेवून पाहिलं. कुणाला ओढ लागतेच, कुणाची जखम तिच्यामुळे भरत नाही, असं ते रेणू सिस्टरांना सांगत होते.

तुलाराम मला हातात धरून व्हरांड्यात चालू लागले. सिस्टर त्यांना खोकायला लावायच्या आणि माझ्याकडे वाकून बघायच्या. एका सकाळी खोकूनही पाणी हललं नाही.

"काका, हवा थांबली. आता नळी निघेल."

तुलाराम माझ्याकडे बघत राहिले. "बुडबुडे येऊन राहिले होते तवर वाटे, कोनी बोलून राहिलं माह्यासंग. आता घरी कोनासंग बोलू?"

सिस्टरांनी रुखमिणीला फोन लावून दिला. "पोरी, बरा झालो मी," एवढं म्हणून ते रडले.

जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बऱ्या झालेल्या माणसानं पाहूही नये.

आता नवं यंत्र आलंय. ते खांद्याला अडकवून रोगी हिंडतो, किती हवा येते ते पडद्यावर दिसतं. चांगलं आहे ते. फक्त वाकून बघायला आता कुणी येत नाही. मी स्टोअरच्या फळीवर कोरडी पडून असते.

तुमच्या माणसाला यंत्र लावा, बाटली लावा, डॉक्टर सांगतील ते लावा. पण भेटीच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन बसा.