मोठ्या खोलीचे स्पीकर

ताई दातांची डॉक्टर. जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणत आली, पण स्वतःच्या मनातलं काही बाहेर काढायचं म्हटलं की तिचीच दातखीळ बसायची. तिचं लग्न झालं नाही, धाकट्या भावाचं झालं पण टिकलं नाही, आणि शेवटी दोघं आईवडिलांच्या घरात परत एकत्र राहायला लागली. भाऊ शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. तिथून सुटला की घरी यायचा, चपला कुठे तर डबा कुठे, आणि आधी रेकॉर्ड लावायचा. शेजारीपाजारी त्याला कानसेन म्हणत. उगाच नाही म्हणत. रस्त्यावरून स्कूटर गेली की हा घरात बसून सांगायचा, तिचा मागचा नट सैल झालाय. आणि ताई? गाढवाला गुळाची चव काय. तिला व्हायोलिन आणि न तेल घातलेलं दार यांतला फरक कळत नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तरी रोज संध्याकाळी शब्दकोडं घेऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. तो मधेच म्हणायचा, “ऐकलंस? ऐकलंस हे?” ती म्हणायची, “नाही बाबा. सहा अक्षरी नदी सांग.”

हॉलच्या पलीकडे तिचा दवाखाना होता. मधे एक भिंत. ती भिंत पाडली तर गाणं ऐकायला काय खोली होईल, हे भाऊ वर्षानुवर्षं म्हणत आला होता, आणि “मी मेले की पाड,” हे ताईचं ठरलेलं उत्तर होतं.

मग भाऊच आजारी पडला. साधंसुधं नाही, ज्याचं नाव घरात मोठ्याने घेत नाहीत ते दुखणं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी ताईला केबिनमध्ये बसवून सांगितलं, औषधं दोन आहेत. एक सौम्य, पण त्याने दुखणं जाईलच असं नाही. दुसरं जालीम. त्याने बहुतेक जाईल, पण ते कानांवर उतरू शकतं. बारीक, उंच आवाज जातात, आणि गेले की परत येत नाहीत. “पेशंट म्हणतात, ताईशी बोला, ती सांगेल ते द्या. तर तुम्ही सांगा.” एखादी दाढ ठेवायची की काढायची यावर ताईने आजवर याहून जास्त विचार केला असेल. “जालीम द्या,” ती म्हणाली. आणि वॉर्डात येऊन भावाला एवढंच सांगितलं, “चांगलं औषध आहे. घे मुकाट्याने.” कानांचं अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर तो नाही म्हणाला असता, याची तिला खात्री होती.

तो तिकडे पडून होता तेव्हा तिने इकडे दवाखाना बंद केला आणि भिंत पाडून घेतली. पेशंटची खुर्ची नेली, कपाटं नेली, नळ बुजवले. त्याच्याकडून आपण काहीतरी न विचारता घेतलंय, तर आपणही काहीतरी द्यावं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. असल्या हिशेबाला काही अर्थ नसतो. पण माणूस करतो.

औषध लागू पडलं. भाऊ घरी आला, अर्धा होऊन आला, पण आला. दारात उभा राहून त्या खोलीकडे बघतच राहिला. “वेडी आहेस का?” म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. संध्याकाळी त्याने पहिली रेकॉर्ड लावली. थोडा वेळ ऐकलं, कपाळाला आठी घातली, उठून स्पीकरजवळ कान नेला.

“स्पीकर बसलेत गं,” तो म्हणाला. “समोर कुणीतरी जाड पडदा टाकल्यासारखं येतंय.”

ताईला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तेवढ्यात त्यानेच खोलीभर नजर फिरवली. “अर्थात खोली केवढी झाली. त्या एवढ्याशा हॉलपुरते होते हे. यांचा जीव तो केवढा.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो असा. खरंच की, खोली मोठी झाली. स्पीकर तेच, खोली दुप्पट, मग आवाज कमी पडणारच. एवढं साधं गणित. ताईला इतकं हलकं वाटलं की ती थट्टेवर आली. “म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं,” ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. भाऊ हसला. “अंगणच वाकडं आहे,” म्हणाला. त्याच वेळी ठरलं, नवे स्पीकर घ्यायचे, आणि या खोलीला शोभतील असे चांगले घ्यायचे.

तशा खुणा रोज दिसत होत्या. ताप बघायला काखेत थर्मामीटर ठेवला की तो पीप पीप करून थकायचा आणि हा तसाच खिडकीबाहेर बघत बसलेला. ताई म्हणायची, विचारात असेल. किटलीची शिट्टी स्वयंपाकघर डोक्यावर घ्यायची आणि हा गॅसशेजारी उभा राहून पेपर वाचायचा. ताई म्हणायची, अशक्तपणा आहे. दुसऱ्याच्या दाढेतली राईएवढी कीड हुडकणारी बाई, पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

स्पीकरवाला दुपारी आला. तीन जोड्या घेऊन आला, कारण त्याचं म्हणणं, मोठ्या खोलीचे स्पीकर दुकानात ऐकून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पायात घालून आपली चप्पल घेणं. बोलका माणूस. खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने दोन टाळ्या वाजवल्या, आवाज कसा फिरतो ते ऐकलं, आणि म्हणाला, “मोठी खोली म्हणजे मोठं पोट, मॅडम. दोन घासांत भरत नाही.” आणि कमरेएवढे उंच खोके एकट्याने सरकवायला लागला.

पहिली जोडी लागली. बाईचा आवाज, मागे व्हायोलिन, अधूनमधून झांज. भाऊ डोळे मिटून बसला. “नाही,” तो म्हणाला. “पडदा आहे.”

दुसरी जोडी स्पीकरवाल्याची लाडकी असावी. लावताना त्याने तिच्यावरून हात फिरवला. गाणं सुरू झालं आणि ताईने चक्क शब्दकोडं बाजूला ठेवलं. का ठेवलं ते तिचं तिलाही कळलं नाही. भावाने मात्र बराच वेळ मान वाकडी करून ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाला, “बरे आहेत. पण पडदा आहेच.”

“यांच्यात पडदा, साहेब?” स्पीकरवाला गोंधळला. मग तिसऱ्या जोडीकडे बघून जरा घुटमळला. “हे आपले दाखवायचे म्हणून आणले. फार उघडा आवाज, बारीक सूर नको तेवढे पुढे येतात. गालिचे, पडदे, पुस्तकं अशा भरलेल्या खोलीत खपतात. इथे टोचतील.”

“लावा तर खरं.”

लावले. बाईने पहिला शब्द उच्चारला आणि ताईच्या कानात सुई गेली. दुसऱ्या शब्दाला दुसरी. झांज वाजली ती तर सरळ दवाखान्यातल्या ड्रिलसारखी, दाताला टेकायच्या आधी जशी किंचाळते तशी. स्पीकरवाल्याने एक डोळा बारीक केला. आणि भाऊ खुर्चीत पुढे सरकला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

“हां,” तो म्हणाला. “आता आला आवाज. किंचित पडदा आहे अजून, पण हेच. ताई, हेच घेऊ.”

असं म्हणून आनंदाने तिच्याकडे वळला, तर ताईचा खांदा कानापर्यंत चढलेला, डोळे घट्ट मिटलेले. तिने लगेच खांदा खाली घेतला आणि हसली. पण त्याने बघितलं ते बघितलंच. मग त्याने स्पीकरवाल्याकडे बघितलं, तर त्याचाही डोळा अजून बारीकच.

“टोचतंय?” त्याने विचारलं.

“छे रे. छान आहे.”

“तू कधीपासून छान म्हणायला लागलीस?”

तो उठला. आवाज बंद केला. स्पीकरवाल्याला म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर पाय मोकळे करून या. आम्ही ठरवतो.” तो माणूस गुमान गेला. मोठी खोली एकदम रिकामी वाटायला लागली.

“म्हणजे खोलीचं नव्हतं,” भाऊ म्हणाला.

ताईने कोडं उचलून मांडीवर घेतलं.

“डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं ना? कानांचं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. तुझ्या आधी मला विचारलं. दोन औषधं, कुठलं घेता. मला उत्तरच देता येईना, ताई. म्हटलं, मला नका विचारू, ताईशी बोला.”

आधी तिला नीट उमजलंच नाही. उमजलं तेव्हा तिचा असा भडका उडाला की विचारू नका. “तुला माहीत होतं? आणि मी मेली रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसत होते? मला घास गोड लागत नव्हता. भिंत पाडली मी, दवाखाना मोडला, आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस?”

“तुझ्यावर टाकलं आणि वर विचारायचं कुठल्या तोंडाने?”

“मग हे स्पीकर कशाला मागवलेस?”

“खरंच वाटलं गं, खोलीचंच असेल,” तो म्हणाला. “फार वाटत होतं मला तसं. तुला नव्हतं वाटत?”

“वाटत होतं,” ताई म्हणाली, आणि तिचा राग तिथल्या तिथे बसला.

भाऊ तिसऱ्या जोडीच्या कडेवर टेकला. “मी निवडलं असतं तर सौम्य घेतलं असतं. कान सांभाळत बसलो असतो.”

“आणि गेला असतास.”

“बहुतेक.” उद्या भाजी आणायची आहे अशा सुरात तो म्हणाला. “मला दोन्ही हवं होतं. तसं सांगायची सोय नव्हती. तू काय सांगशील ते मला ठाऊक होतं, म्हणून तुझ्या गळ्यात घातलं. आता राग येतो का विचारू नकोस. येतो. सकाळी उठल्यावर पहिला तुझाच येतो. आणि तू तसं सांगितलं नसतंस तर सकाळच नसती, हेही लगेच येतं. दोन्ही एकदम येतं, त्याला मी काय करू?”

ताई रडली. पेशंटसमोर, आईच्या वेळी, वडिलांच्या वेळी जी रडली नव्हती ती पदर, रुमाल काही न शोधता रडली. त्याने तिची समजूत घातली नाही. त्याच्याकडे तेवढं उरलंच नव्हतं. रडणं ओसरेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

स्पीकरवाला दारात येऊन खाकरला. “काय ठरलं?”

“ताई, तुला कुठले बरे वाटले?” भावाने विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं.”

“आज कळलंय. कोडं खाली ठेवलंस ते मी बघितलं. सांग.”

“दुसरे,” ती म्हणाली.

स्पीकरवाल्याची कळी खुलली. “मॅडम, कान आहे तुम्हाला,” तो म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत. त्याने तिसरी जोडी बाजूला केली, दुसरी जागेवर आणली, खिशातून मोजायची टेप काढली. “आता तोंडं वळवून देतो. नेमकी एकाच खुर्चीवर जुळवावी लागतात. साहेब, तुमची खुर्ची ही ना?”

“त्या खुर्चीवर जुळवा,” भाऊ ताईच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला. “ऐकणार ती आहे.”

“मला नको,” ताई म्हणाली. “अरे, नको ना.”

“मग कुणी ऐकायचं? बस तिथे.”

ती बसली. स्पीकरवाल्याने बोटबोटभर सरकवत तोंडं वळवली, सुई ठेवली आणि मागे भिंतीशी जाऊन उभा राहिला. बाई गायला लागली. इतकी वर्षं शेजारी बसून जे कधी आलं नव्हतं ते सगळं ताईला यायला लागलं. व्हायोलिनच्या तारेवर गज टेकतो तो आवाज, बाईचे ओठ उघडतात तो आवाज, झांज वाजून संपते ती कुठवर जाते ते. इतकं स्वच्छ की तिला सहन होईना. भाऊ तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून गाण्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

“येतंय ऐकू?”

तिने मान डोलावली.

“काय येतंय ते सांग.”

तिच्याकडे शब्द कुठले असायला. “बाई श्वास घेतेय,” ती म्हणाली.

“हो, तिथे घेते ती,” भाऊ म्हणाला. “पुढे सांग.”