तळाशी उरलेला घोट

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. नाक धरू नका, वास येणारच. माझी मान अरुंद आणि तळ खोलगट, त्यामुळे कुणाचा हात आत पोचत नाही. कितीही विसळा, घोटभर काहीतरी मागे राहतंच. नवापूरकडच्या डोंगरात राहणाऱ्या दानियलने मला बाजारातून आणलं. शेतावर त्याचा चहा संध्याकाळपर्यंत गरम ठेवायचा, हे माझं काम. तेव्हा माझं काय कौतुक होतं म्हणून सांगू! पुढे ताज्या चहाला कालच्या चहाचा वास येऊ लागला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे पाली माझ्या झाकणावर निजायच्या.

मला खाली काढलं ते दानियलच्या लेकीने, ग्रेसीने. ती कॉलेजात जिवाणूंवर संशोधन करते. सातपुड्याच्या पायथ्याशी एक गरम पाण्याचा झरा होता. हात घातला तर पोळेल अशा त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव सुखाने नांदत होते. मी जन्मभर गरमपणाची फुशारकी मारली, पण कढत पाण्यात संसार थाटणारे हे लोक भेटले आणि माझी सगळी ऐट उतरली.

ग्रेसीला ते हवे होते गुजरातेतल्या एका थकलेल्या तेलविहिरीसाठी. जमिनीखाली खडकाच्या बारीक भोकांत तेल चिकटून बसतं, पंपाला दाद देत नाही. ते सोडवायचं काम जिवाणू करू शकतात, पण तिथली धग एवढी की साधे जिवाणू मरतात. झऱ्यातले टिकतील, असं तिला वाटत होतं. पण ती विहीर लवकरच कायमची बुजवणार होते, आणि इकडे झराही उन्हाने आटत आला होता. त्याचं शेवटचं पाणी ग्रेसीने माझ्यात भरलं. "यात ते गारठणार नाहीत," ती म्हणाली. खूप वर्षांनी माझी छाती फुगली.

परतताना ती झऱ्याजवळच्या कळसाडी गावात ओळखीच्या भिकुबाईंच्या घरी मुक्कामाला राहिली. सकाळी निघताना भिकुबाईंनी मला प्रेमाने तिच्या हाती दिलं.

"माय, ते पानी सडकं वास मारी ऱ्हायंतं. मी फेकी दिधं. वाटमा पेवाले चहा भरी दिधा तुले."

ग्रेसीने झाकण उघडून आत पाहिलं. "मावशी, मी त्या पाण्यासाठीच आले होते."

"माले काय मालूम, माय," भिकुबाई पुटपुटल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या घरातून पाहुण्याचं भांडं रिकामं जात नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ग्रेसीला रागवावंसं वाटेना. मग तिने एकदम विचारलं, "घासला का हा?"

"नुसता खंगाळा. हात मझार जात नही."

ज्या खोडीपायी मी माळ्यावर गेलो, ती ऐकून ग्रेसी चक्क हसली. "मग थोडे तळाशी उरले असतील."

कॉलेजात तिने तो चहा बरणीत ओतला, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातली उसाची मळी त्या जिवांना खायला म्हणून त्यात घातली आणि बरणी घट्ट बंद करून तापत्या पेटीत ठेवली. दुधातले जंतू त्या उष्णतेने मेले. बरेच दिवस काही हललं नाही. मग एका सकाळी बरणीत बुडबुडे वर येताना दिसले. माझ्या घोटातल्या मूठभरांचे अगणित झाले होते. मित्रांनो, मी शेल्फावर बसून ते बघत होतो आणि मला भीतीच वाटली, इतकं ते मोठं होतं.

मळीसकट ते जीव विहिरीत सोडले आणि विहीर काही दिवस बंद ठेवली. पुन्हा उपसायच्या दिवशी ग्रेसी भिकुबाईंना सोबत घेऊन गेली, आणि मलाही. तिने त्यांना सांगितलं, "ते मळी खातात आणि साबणासारखं काही सोडतात. तेलकट कढई सुटते तसं तेल खडकावरून सुटतं. त्यांनीच केलेला वायू ते तेल वर ढकलतो."

पंप सुरू झाला. आधी पाणी आलं. नंतरही पाणीच आलं. भिकुबाईंनी माझी मान घट्ट धरली होती. मग दाट, काळं तेल आलं आणि येतच राहिलं. ती विहीर बुजवायचं रद्द झालं.

भिकुबाईंनी चप्पल काढून हात जोडले. "इतला बारीक जीव, माय. आनि खडक धुई काढा."

पावसानंतर झरा पुन्हा वाहू लागला. आता भिकुबाई तिथे कुणाला साबण लावू देत नाहीत. मित्रांनो, दिसत नाही म्हणून काही ओतून देऊ नका, आधी विचारा. आणि कधी मला धुवायची वेळ आलीच, तर फार खोल घासू नका. तळाशी अजून कुणीतरी राहतं.