ताठ मान

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना मॉनिटर आहे आणि माझी मान ताठ आहे. माणसांत ताठ मान अभिमानाची समजतात. माझ्या बाबतीत तो आजार आहे.

कारखान्यात मला घडवताना सगळ्यात जास्त मेहनत मानेवरच घेतली होती. पडदा वर सरके, खाली येई, पुढे झुके, डावीउजवीकडे फिरे. समोर कोणीही बसो, मी त्याच्या डोळ्यांसमोर यावे, एवढाच तिचा हेतू. २००७ साली सतीशने शिरूरच्या एसटी स्टँडजवळ गेम खेळायचे दुकान थाटले, तेव्हा मी तिथे आलो.

तिथे म्हाळू भेटला. मूळचा कवठे येमाईचा, बाजारात कुलपे दुरुस्त करणारा. पोलिओने लहानपणीच पाय गेलेले. घरचे मेंढरांमागे रान तुडवत, हा घर राखत मोठा झाला. हँडलला पिवळा गोंडा बांधलेल्या तीनचाकी सायकलवरून यायचा. खुर्चीवर तोल राहत नसे, म्हणून सतरंजीवर बसायचा. माझ्या जातीच्या पडद्याची एक खोड आहे, खालून पाहिले की चित्र काळे पडते. सतीश माझी मान झुकवी, मग म्हाळूला गाड्यांची शर्यत लख्ख दिसे.

"आयुष्यात पयल्यांदाच कुणाच्या तरी म्होरं पळतोय बघ," तो एकदा सतीशला म्हणाला. त्या दिवशी मला माझ्या मानेचा फार अभिमान वाटला.

मग खंडेनवमी आली. सतीशची आई, जाईबाई, यंत्रांची पूजा करायला बसली. तिने माझ्या कडेला कुंकवाचे बोट टेकवले, तशी माझी सैल मान एका बाजूला फिरली. तिने सरळ करायला धरली, तर दुसऱ्या बाजूला.

"अगं बाई, हे तर न्हाई म्हणतंय. पुजेलाच न्हाई म्हणालं. सतीश, आधी ह्याची मान बांध."

"आई, ते फिरायलाच केलंय."

"फिरायला दळायचं जातं हाय का ते? बांध म्हणते ना."

आईपुढे सतीशचे काय चालणार? त्याने माझ्या सांध्यात एम-सील भरले, वरून तार आवळली.

पुढच्या बाजाराला म्हाळू येऊन सतरंजीवर बसला.

"सतीश, लाइट गेली का रं?"

"न्हाई. मान आखडलीय त्याची." सतीशने दोन्ही हातांनी दाबून पाहिले. मी हललो नाही. मला जमिनीवर तरी उतरवावे, तर पुजलेली वस्तू पायापाशी ठेवू देईल ती जाईबाई कसली.

"ऱ्हाऊ दे. खुर्चीवाल्यांना दिसतंय नव्हं," म्हाळू म्हणाला आणि हातांवर सरकत बाहेर गेला. तो परत आला नाही.

आता मी दौंडच्या भंगारात पडून आहे. मागे टेम्पोतून एक तीनचाकी सायकल उतरली. हँडलला म्हाळूचाच पिवळा गोंडा होता. त्याने नवी घेतली असेल, अशी मी मनाची समजूत घालतो, पण ती पटत नाही. सायकल माझ्या पायाशीच टाकली आहे आणि मला वाकून तिच्याकडे पाहता येत नाही.

मित्रांनो, माझे आता काही होणार नाही. पण ज्याची मान अजून हलते, त्याची बांधू नका. ती खाली बसलेल्या कोणासाठी तरी केलेली असते.