गावच्या जीपची किल्ली

दुसऱ्या महायुद्धानंतर देहूरोडला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला, तेव्हा चाकणजवळच्या शिरसवाडीनं एक जीप घेतली. आदल्या वर्षी गावातली एक पोर बाळंतपणात, पुण्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली होती. त्या गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली गवराबाई सुईण मग घरोघर फिरली. "असं मरन पुन्हा बघायचं न्हाई मला," एवढंच बोलायची आणि उंबऱ्यात बसून राहायची. त्या हंगामात घरटी कांद्याची गोणी निघाली, चाकणच्या बाजारात गेली आणि जीप आली. लिलावाला मालोजी पाटील गेले होते, म्हणून कागदावर नाव त्यांचं लागलं. किल्लीही त्यांच्याकडेच राहिली.

पुढं जीप लग्नांना गेली, खेडच्या कोर्टात गेली, पाटलांच्या व्याह्यांना आणायला-पोचवायला गेली. आजारी माणसासाठी कोणी मागायला गेलं की कधी पेट्रोल नसायचं, कधी चाक बसलेलं असायचं.

माघातल्या एका सकाळी कोंडाजीची सून शालन अडली. पोर आडवं होतं. गवराबाईनं पोटाला हात लावून पाहिला आणि ती थेट पाटलांच्या ओसरीवर गेली.

"पाटील, जीप पायजे. शालनला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचंय."

पाटील सुपारी कातरत होते. "किल्ली हरवली," ते म्हणाले.

"काल तर खेडला जाऊन आला."

"येताना पडली कुठं तरी. नवी करायला टाकू. तंवर बैलगाडी जुंपा."

त्यांनी मान वर केली नाही. गवराबाईला कळायचं ते कळलं. संध्याकाळी त्यांच्या मेव्हण्याकडे जेवण होतं, आणि जीप त्यासाठी धुऊन ठेवली होती. ती पायऱ्या उतरली. अंगणात गेनू जीपची काच पुसत होता. हा गेनू लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आलेला. आता पाटलांची जमीन वाट्यानं करायचा आणि जीपही चालवायचा.

"गेनू, किल्लीबिगर ही चालती का?"

गेनूनं ओसरीकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आत्या, तारा जोडल्या की चालती. पन पाटील माझी भाकरी बंद करतील."

"माझ्याकडं खा. जोड तारा."

गेनूनं फडकं खांद्यावर टाकलं आणि वाकून स्टिअरिंगखाली हात घातला. त्यानं स्विचमागच्या दोन तारा उपसून एकमेकींना पीळ दिला, पायानं स्टार्टर दाबला. इंजिन सुरू झालं तसे पाटील ओसरीवरून धावत आले.

"चोरी हाय ही! फौजदाराला बोलावतो मी!"

"बोलवा," गवराबाई जीपमध्ये चढत म्हणाली. "किल्ली कुठं हरवली तेबी सांगा त्यास्नी."

शालनला गोधडीत गुंडाळून मागं झोपवलं, सासू उशाला बसली. दुपार कलायच्या आत ती दवाखान्यात पोचली. पोट उघडून डॉक्टरांनी मुलगी काढली. दोघी जगल्या.

सासूला तिथं ठेवून गवराबाई आणि गेनू परत निघाले. चिंचवड स्टेशनजवळ सावळारामचं दुकान होतं. तो आधी देहूरोडच्या डेपोत मोटारींच्या वायरिंगचं काम करायचा, आता स्वतःचं दुकान काढून गाड्यांचे स्विच, कुलपं, किल्ल्या करून द्यायचा. गवराबाईनं गाडी थांबवायला लावली.

"हिची नवी किल्ली करून द्या."

सावळारामनं लोंबणाऱ्या तारा बघितल्या आणि हात मागं घेतला. "तारा जोडून आणलेल्या गाडीची किल्ली मी करत नाही, बाई. उद्या खरा मालक माझ्याच दारात येईल. गाडी कोणाची?"

"गावाची."

"गाव काय मला ओळखतं? मालक आणा, मग बघू."

गेनूला राग आला, पण गवराबाई म्हणाली, "बराबर हाय तुमचं. कुनीबी यावं न् किल्ली घेऊन जावं, असं न्हाई व्हायला पायजे. आनते मालक."

गावात शिरले तेव्हा पाटील वेशीवरच उभे होते. बोटात किल्ली होती. "सापडली," ते हसून म्हणाले. "लाव गाडी वाड्यात."

गेनूचा पाय ब्रेकवर गेला. गवराबाई म्हणाली, "देवळाफुडं लाव."

जीप मारुतीच्या देवळापुढं लागली आणि बघता बघता बाया गोळा झाल्या. शालन वाचल्याचं ऐकून कोंडाजीची म्हातारी आई गोजाबाई जीपमध्ये चढली ती उतरेचना. "आता मला काढा हितनं," म्हणाली, आणि रात्री तिथंच आडवी झाली. पाटील दोनदा येऊन गेले. म्हातारीला हात कोण लावणार!

सकाळी जीप चिंचवडला पोचली तेव्हा सावळाराम दुकानाबाहेरच येऊन उभा राहिला. पुढं, मागं, बॉनेटवर, पायऱ्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं बाया बसल्या होत्या. टपावर ताडपत्री नव्हती म्हणून बरं, नाही तर तिथंही चढल्या असत्या.

"ह्या मालकिनी," गवराबाई म्हणाली. "इचारा कुनालाबी."

सावळारामनं विचारलंही. कोणाच्या शेतातला कांदा, कधी विकला, गाडी कोणी आणली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या तसा तो हात जोडून हसला.

"पटलं. पण नवी किल्ली करून तुमचं भागायचं नाही." त्यानं एक खण ओढला. आत एकसारख्या किल्ल्यांचा ढीग होता. त्यातली एक त्यानं जीपला लावली. किल्ली फिरली. "बघा. लढाईत कोणालाही कुठलीही जीप काढता यावी, म्हणून लष्करानं सगळ्यांना एकच किल्ली ठेवली होती. ह्या बाजूला लिलावातली जी जीप असेल, तिची किल्ली हिला लागते. मी आणखी एक दिली, तरी पाटलांची चालतच राहणार. त्यांच्या हातून गाडी सोडवायची असेल, तर कुलूपच बदला."

"बदला," गवराबाई म्हणाली.

त्यानं जुना स्विच काढून वेगळ्या किल्लीचा बसवला. तारा लोखंडी नळीतून नेऊन मागं पत्रा मारला, म्हणजे कोणाचा हात सहज पोचणार नाही. गेनू हसला, "माझाबी न्हाई पोचायचा आता." दोन किल्ल्या झाल्या. एक गेनूकडे, एक गवराबाईकडे.

परत आले तर देवळापुढं पाटील फौजदाराला घेऊन बसलेले. पाटलांनी आपली किल्ली जीपला लावली. ती अर्धी आत जाऊन अडली. त्यांनी जोर केला, पुन्हा काढून पुसली, पुन्हा लावली. सगळं गाव बघत होतं.

"साहेब, माझ्या गाडीचं कुलूप बदललं ह्यांनी!"

फौजदार पोक्त माणूस होता. त्यानं गवराबाईचं ऐकलं, गेनूचं ऐकलं, मग पाटलांकडे वळला. "कागदावर तुमचं नाव आहे, खरं. पण ही जीप तुमची एकट्याची, असं या सगळ्यांसमोर म्हणा. मग मी किल्ली काढून देतो."

पाटलांनी तोंड उघडलं. बायांच्या मागं त्यांची बायको दुर्गाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी होती. नवऱ्यासमोर चारचौघांत ती कधी बोललेली कोणी ऐकलं नव्हतं.

"गावाची हाय," ती म्हणाली. "आपलीबी गोनी होती त्यात."

पाटील किल्ली खिशात टाकून वाड्याकडे चालू लागले. फौजदारानं पाणी मागितलं, प्यायला आणि गेला.

पाटलांनी गेनूकडची वाट्याची जमीन काढून घेतली. गेनू पिंपरीला उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या बांधकामावर जाऊ लागला. जीप लागेल तेव्हा गाव त्याला बोलावून घ्यायचं, आणि तो यायचा. पाटलांचं माणूस गवराबाईच्या गाईला पडीक रानातूनही हाकलायचं. तिनं गाय विकून टाकली, पण माफी मागायला गेली नाही.

उन्हाळ्यात पाटील स्वतः तिच्या दारात आले. मेव्हण्याच्या पोरीची वरात होती.

"किल्ली दे, गवराबाई. उद्या देतो माघारी."

"दुखन्याखुपन्याला जीप हाय, पाटील. रातच्याला येऊन दार वाजवा, हीच किल्ली घेऊन पळत येईन मी. पर वरातीला न्हाई."

"गावात ऱ्हायचंय ना तुला?"

"व्हय," ती म्हणाली. "हितंच ऱ्हायचंय."

पाटील गेले. तिनं किल्ली कमरेला खोचली, तांब्याभर पाणी प्यायली आणि शेजारच्या वाकीहून एका पोटुशीचा निरोप आला होता, तिकडं चालत निघाली.