पाववाल्याचा कोपरा

"दुसरीतल्या पोरांना इतिहास शिकवता, की चहाड्या करायला शिकवता?"

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर हात आपटत आजोबा कडाडले. निवृत्त पोस्टमन, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. समोर वर्गशिक्षिका उभी होती, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली. आपल्या गल्लीचा इतिहास घरी विचारून या, एवढाच गृहपाठ तिने दिला होता. आता यात भडकण्यासारखं काय? पण आजोबांच्या नातीने, चिमीने, नेमका नको तो प्रश्न काढला. सगळे ज्याला 'पाववाल्याचा कोपरा' म्हणतात, तिथे तर पंक्चरचं दुकान आहे. मग पाववाला कुठे गेला?

"मी तिला सांगितलं, गेला त्याच्या गावाला. विषय संपला! तरी यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलाय."

"पुसून टाका, बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नाहीतर मला वर कळवावं लागेल."

शिक्षिका म्हणाली, "पुसते. पण आजोबा, एकवीस मुलांनी घरी विचारलं. कुणाला सांगितलं गावाला गेला, कुणाला सांगितलं वारला, कुणाला सांगितलं असा कोणी नव्हताच. मुलं लहान आहेत, खुळी नाहीत. इतिहास म्हणजे नुसत्या राजांच्या लढाया नव्हेत. आपण काय केलं, तेही त्यात येतं. ते लपवलं, तर मुलं उद्या तेच करतील."

आजोबा गुरगुरत तिच्यामागून वर्गात शिरले. तिने डस्टर उचललं. तेवढ्यात चिमीचा आवाज आला. नव्याने आलेल्या एका मुलीला ती सांगत होती, "तू आमच्यात नाही बसायचं. तू कसंतरीच बोलतेस!" आणि अख्खा बाक खिदळला.

आजोबांनी गर्रकन वळून पाहिलं. एकेकाळी पाववाल्याबद्दल हेच शब्द त्यांच्या तोंडी होते!

"थांबा बाई! पुसू नका!"

नातीच्या नजरेतून आपण उतरणार, हे त्यांना कळत होतं. तरी ते बोलले.

"पाववाला परगावचा होता. त्याचं बोलणं वेगळं, म्हणून आम्ही त्याच्या नकला करायचो. एकदा गल्लीतल्या मुलांना ताप आला. कुणीतरी म्हणालं, त्याच्या पावामुळे. आम्ही त्याचं दुकान फोडलं. पहिला दगड माझा होता. पुढे कळलं, पाण्याची टाकी खराब होती."

चिमीचे डोळे भरून आले. "मग तुम्ही त्याची माफी मागितली?"

"नाही गं. जन्मभर लोकांचे पत्ते शोधले, त्याचा कधी शोधला नाही."

चिमीने उठून त्या नव्या मुलीसाठी बाकावर जागा केली, आणि खडू घेऊन प्रश्नाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पाववाला गेला नाही. आम्ही त्याला घालवलं.' मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापिकांनी ते वाचलं. त्यांनी डस्टर मागितलं नाही.

मंडळी, मुलांना पराक्रमाच्या गोष्टी जरूर सांगा. पण आपल्या हातून काय चुकलं, तेही सांगा. ते ऐकायला मुलं लहान नसतात. सांगायला आपणच कमी पडतो.