मी आधी विचारलं होतं!

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. आज माझं डोकं तापलं आहे आणि या वेळी दोष पंख्यात साचलेल्या धुळीचा नाही.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात, काउंटरच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. आलो तेव्हा माझं कोण कौतुक! घरच्या सूनबाईंनी माझ्यासाठी फुलाफुलांचं कव्हर शिवलं. पुढे त्या कव्हरचं फडकं झालं आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप आले. तेही सोसलं. पण खोटा आळ मी सोसणार नाही.

या घरातले आजोबा म्हणजे मशीनचे वैद्य. मशीन उघडण्याआधी ते डोळे मिटून नुसतं ऐकत आणि बिघाड सांगत. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आजोबांनी लगेच सूनबाईंना माझ्यासमोर बसवलं.

"लिही बाई. बॉबिन नीट बसली नाही की मशीन कसं कुरकुरतं, ते आधी लिही."

रोज दुपारी ते सांगत, मशीनचे आवाज तोंडाने काढून दाखवत. सूनबाई हसत हसत टाइप करत. आजोबांना वाचता यावं म्हणून अक्षरं चांगली ठसठशीत ठेवली होती. उठताना त्या 'सेव्ह' दाबत आणि मी ते सगळं पोटात नीट जपून ठेवत असे.

ऑपरेशन झालं. आजोबा बरे होऊन घरी आले, पण आवाज गेला तो गेलाच.

आता त्यांच्या चिरंजीवांची गोष्ट ऐका. नवी फाइल उघडायची म्हणजे यांच्या जिवावर येतं. जुनी कुठली तरी उघडायची, आतलं पुसायचं आणि त्यातच नवं लिहायचं. आयत्या बिळावर नागोबा! आज सकाळी दारावर पाटी लावायची होती. त्यांनी नेमकी आजोबांची फाइल उघडली.

"अक्षरं झकास मोठी आहेत," असं म्हणून सगळा मजकूर निवडला, पुसला आणि लिहिलं, 'आज दुकान बंद आहे.' पाटी छापून झाल्यावर फाइल बंद करायला गेले, तेव्हा मी विचारलं, 'बदल सेव्ह करायचे का?' साहेब फोनवर बोलत होते. न वाचताच त्यांनी 'हो' दाबलं.

सांगा, मी आणखी काय करायचं होतं? 'सेव्ह ॲज' तिथेच होतं. पाटीला वेगळं नाव दिलं असतं, तर पाटीही झाली असती आणि आजोबांचं लिखाणही राहिलं असतं.

दुपारी सूनबाईंनी आजोबांना दाखवायला फाइल उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, बाबांचं सगळं कुठे गेलं?"

"या डबड्याने खाल्लं असणार! फेकून द्यायला हवं एकदा."

मी खाल्लं? चोर तो चोर, वर शिरजोर!

नशीब, सूनबाईंनी निम्मं झाल्यावर त्याची पीडीएफ करून नणंदेला वाचायला पाठवली होती. नणंदेने ती लगेच परत पाठवली. पीडीएफ म्हणजे काचेच्या चौकटीतला फोटो. बघा, छापा, पण सहजासहजी त्यात बदल करता येत नाही. निम्मं वाचलं. उरलेलं माझ्याकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं.

"बाबा, चुकलं माझं," फाइलीत आपलीच पाटी पाहून चिरंजीव म्हणाले.

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या डोक्यावरचे कप उचलून बाजूला ठेवले आणि खुर्ची ओढली. एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते लिहू लागले, 'पट्टा घसरला की...' पुढे 'खर्र' लिहिलं. मान हलवून पुसलं. 'घर्र' लिहिलं. तेही पुसलं. पूर्वी एवढ्या वेळात त्यांनी तो आवाज तोंडाने काढून दाखवला असता. मागे उभ्या असलेल्या चिरंजीवांनी डोळे पुसले.

"बाबा, सेव्ह ॲज करतो. नाव काय देऊ?"

आजोबांनी स्वतःच टाइप केलं, 'हात लावू नये'.

मित्रांनो, मोलाचं लिखाण असेल तर त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि मी चौकटीत प्रश्न विचारतो, तेव्हा कृपा करून तो वाचा. मला ओरडून सांगता येत नाही. आजोबांनाही आता येत नाही.